परमुलखात आपलं कोण?

(जुन्नर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या मालेत बिबट्यावर व्याख्यान आहे, कांद्यावर आहे, शिवनेरीवर तर असतंच. त्यांच्या रांगेत एम्बसी आणि पासपोर्टचा विषय पाहून काहींनी भुवया उंचावल्या असतील. परराष्ट्र खातं दिल्लीत, वकिलाती सातासमुद्रापार, मग त्यांचा आपल्या तालुक्याशी संबंध काय? मी परराष्ट्र खात्यात कधी नोकरी केलेली नाही. माझी सगळी वकिली घोडेगावच्या आणि जुन्नरच्या कोर्टात गेली. पण परदेशातल्या भारतीय वकिलातीचा शिक्का असलेले कागद माझ्या टेबलावर इतक्या वेळा आले, की त्या शिक्क्यामागे काय असतं हे शोधावंसं वाटलं. शोधता शोधता मी येऊन पोचलो तो पुन्हा जुन्नरलाच.

सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी, बहामनी अमदानीत, या गावात एक परदेशी माणूस अडकला होता. त्याचं नाव अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी कास्पियन समुद्र, इराण, होर्मूझ असं करत जहाजानं चौलला उतरला. बरोबर एक घोडा. त्याच्याच हिशेबानं त्या घोड्यापायी शंभर रुबल खर्ची पडले होते. आपल्याकडे चांगले घोडे पैदा होत नाहीत, तेव्हा किंमत चांगली येईल, हा त्याचा होरा. चौलहून पाली आठ दिवस, पालीहून उमरी दहा दिवस, उमरीहून जुन्नर सहा दिवस, असा मुक्कामांचा हिशेब त्यानं लिहून ठेवलाय. जुन्नरला पोचला आणि पावसाळा लागला. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, अशी त्याची तक्रार आहे. जून-जुलैत आपटाळ्याकडे जाऊन आलेल्या कुणालाही ती पटेल. लोक याच दिवसांत नांगरतात-पेरतात, घोड्यांना हरभरा शिजवून घालतात, हेही त्यानं टिपलंय. गाव खडकाळ डोंगरावर आहे, वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत, असंही तो म्हणतो. हे वर्णन शिवनेरीचं असावं.

इथल्या सुभ्यावर असदखान होता, बहामनी वजीर महमूद गवानच्या हाताखालचा. हा परका व्यापारी मुसलमान नसून रशियन आहे हे कळल्यावर खानानं त्याचा घोडा जप्त केला. अट घातली: धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही बदललास, तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडून वसूल करीन. चार दिवसांची मुदत.

आता या माणसाची अवस्था वकिलाच्या नजरेनं बघा. भाषा परकी. त्याच्या देशाचं नाव इथं कुणी ऐकलेलं नाही. त्याच्या राजाचा इथं माणूस नाही, इथल्या राजाचा तिकडे नाही. जामीन कुठे मागायचा आणि अपील कुणाकडे करायचं? मालमत्ता म्हणाल तर एकच, आणि तीच जप्त झालेली. मुदत संपायच्या आत ख्वाजा महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ जुन्नरला आला. निकितिननं त्याचे पाय धरले, माझ्यासाठी रदबदली करा म्हणाला. तो गृहस्थ खानाकडे गेला, बोलला, धर्मांतराचा हुकूम मागे घ्यायला लावला आणि घोडाही सोडवून आणला. निकितिन याला देवाची कृपा म्हणतो. भाविक माणूस होता, उपासाचे दिवस होते, त्याला तसं वाटणं साहजिक आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खानाच्या फौजेत आणि दरबारात खुरासानी लोकांचा भरणा होता, निकितिननंच तसं लिहिलंय. म्हणजे या माणसाच्या शब्दाला तिथं वजन होतं. अडलेल्या परदेशी माणसाला नेमकं हेच लागतं: ज्याचं म्हणणं तिथल्या सत्तेला ऐकून घ्यावं लागेल असा कुणीतरी.

निकितिन हे चांगलंच शिकला होता. हिंदुस्थानात वावरताना त्यानं स्वतःला ख्वाजा युसुफ खुरासानी असं नाव घेतलं होतं. स्वतःच्या देशाचं नाव चालत नाही म्हटल्यावर चालणाऱ्या मुलखाचं नाव लावायचं. आज याला आपण बनावट कागदपत्रं म्हणू. त्याच्याकडे दुसरा इलाज नव्हता.

याच प्रवासाच्या सुरुवातीचा एक प्रसंग मला याहून मोलाचा वाटतो. हिंदुस्थानात येण्याआधी, कास्पियनच्या काठानं जाताना त्यांच्या तांड्याचं एक जहाज तार्कीजवळ वादळात फुटलं. तिथल्या कायताक टोळीनं माल लुटला आणि माणसं धरून नेली. निकितिन देर्बेंतला पोचला. तिथं मॉस्कोच्या महाराजाचा वकील, म्हणजे दूत, वसिली पापिन होता आणि शिरवानच्या शहाचा वकील हसनबेग होता. निकितिननं दोघांकडे अर्ज केला. हसनबेगनं खटपट केली, शहानं कायताकांच्या सरदाराला, म्हणजे आपल्या मेव्हण्याला, निरोप धाडला, आणि धरलेली माणसं सुटून देर्बेंतला आली. वकील होते, ओळखीची सत्ता होती, काम झालं. पुढे या सगळ्यांनी शहाकडे आणखी एक मागणी केली: आम्ही लुटले गेलोय, घरी जायला काहीतरी द्या. शहानं दिलं नाही, कारण माणसं फार होती. मग ज्याचं घरी काही होतं तो घरी गेला, ज्याच्या डोक्यावर कर्ज होतं तो वाट फुटेल तिकडे गेला. निकितिन अशा रीतीनं हिंदुस्थानच्या वाटेला लागला.

सुटका झाली पण तिकिटाला पैसे नाहीत, हा प्रश्न साडेपाचशे वर्षांत संपलेला नाही. आखातात मालकानं सहा महिने पगार थकवला, कंपनी बुडाली, राहण्याचा परवाना संपला, अशा माणसाला आजही आधी तुरुंगाची भीती असते आणि मग विमानाच्या तिकिटाची चिंता. फरक एवढाच की आज भारतीय वकिलातींकडे त्यासाठी एक निधी आहे. इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड. 2009 साली तो सुरू झाला. परदेशात कुणी भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण करायला, कागद साक्षांकित करून घ्यायला गेला, की शुल्कावर थोडासा अधिभार घेतात. तो या निधीत जमा होतो. त्यातून खरोखर निराधार झालेल्या भारतीयाचं तिकीट, तात्पुरता निवारा, औषधोपचार, कोर्टकचेरीचा प्राथमिक खर्च, वेळ आलीच तर पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च होऊ शकतो. एखादा नारायणगावचा इंजिनिअर पासपोर्टसाठी जे शुल्क भरतो, त्यातले चार पैसे त्याच देशातल्या कुणा अडलेल्या मजुराच्या तिकिटाला लागत असतील. ही व्यवस्था मला फार आवडते. दानाचा आव नाही, पावतीवर एक ओळ असते एवढंच.

तर वाणिज्य दूतावासाचं काम म्हणजे काय? राजदूत दोन सरकारांमधलं बोलणं सांभाळतो. वाणिज्यदूत त्या देशातल्या आपल्या माणसांचं बघतो. पासपोर्ट हरवला तर नवा, किंवा घाईत एकदाच मायदेशी येता येईल असं इमर्जन्सी सर्टिफिकेट. मूल परदेशात जन्मलं तर नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत नोंदणी. लग्न, मृत्यू, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, मुखत्यारपत्रावरची सही. आणि अटक झाली तर तुरुंगात जाऊन भेट. 1963 च्या व्हिएन्ना करारानं ही कामं जगभर मान्य केली आहेत. यातलं नव्वद टक्के काम कागदाचं आहे, आणि बहुतेक कागदांचं दुसरं टोक एखाद्या तहसील कचेरीत, ग्रामपंचायतीत नाहीतर दुय्यम निबंधकाकडे असतं. म्हणजे आपल्याकडे.

हे टोक मी जन्मभर बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या एका कुटुंबाची सामाईक जमीन. चार भाऊ, दोन बहिणी. वडील गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर सहा नावं आली. त्यातला एक भाऊ मस्कतला, एक बहीण नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला. पुणे-नाशिक रस्त्याच्या बाह्यवळणात काही गुंठे गेले, किंवा वाटप करायचंय, किंवा विहिरीसाठी कर्ज काढायचंय. सहाच्या सहा सह्या लागतात. विमानाचं भाडं घालून सहीपुरतं कोण येणार? मग मुखत्यारपत्र. नोंदणी कायदा 1908 चा आहे. त्याच्या 33 व्या कलमात साफ म्हटलंय की भारतात न राहणाऱ्यानं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर करून द्यावं, आणि त्यांनी ते साक्षांकित करावं. त्यामुळे मस्कतचा भाऊ सुट्टीच्या दिवशी नाही, तर रजा टाकून वकिलातीत जातो. पासपोर्ट दाखवतो, अधिकाऱ्यासमोर सही करतो, शिक्का बसतो. कागद कुरिअरनं येतो.

आणि इथं घोळ होतो. परदेशात केलेला असा कागद महाराष्ट्रात पहिल्यांदा हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. लोकांना वाटतं, एम्बसीचा शिक्का आहे, आता कुणाच्या बापाची हिंमत आहे? कागद कपाटात ठेवतात, वाटपाची बोलणी वर्षभर रेंगाळतात, मग निबंधकाकडे गेल्यावर कळतं की मुदत उलटलीय. म्हणून मी पक्षकारांना एकच सांगायचो: कुरिअरचं पाकीट फेकू नका. पाकिटावरची तारीख हा तुमचा पुरावा. किती जणांनी ती पाकिटं फाडून शेगडीत घातली असतील, देव जाणे.

दुसरी गैरसमजूत त्याहून महाग पडते. वाणिज्यदूत सही तपासतो, मजकूर नाही. मजकुराची जबाबदारी आमच्यावर नाही, असं कित्येक वकिलातींच्या शिक्क्यात लिहिलेलंच असतं. भावानं इथून जो मसुदा पाठवला, त्यात ‘विक्री करण्याचा, गहाण ठेवण्याचा, बक्षीसपत्र करण्याचा’ अधिकार लिहिला असेल, तर न्यू जर्सीच्या बहिणीनं तो न वाचता सही केली तरी तो अधिकार गेलाच. शिक्का त्या भावाच्या लबाडीलाही तितकाच भक्कम आधार देतो. बहिणींनो, सही करण्याआधी मसुदा इथल्या दुसऱ्या वकिलाला दाखवा. भावाचा वकील हा तुमचा वकील नसतो. माझ्या व्यवसायबंधूंना हे ऐकून राग येईल, येऊ द्या.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडे माणसाला तीन नावं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने, त्यामुळे वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला चिकटतं. परदेशातला कारकून सुनीताला सुनीता बबनराव म्हणतो, बँक बबनरावच्या नावानं पत्र पाठवते. त्यात लग्नानंतर नाव बदललं असेल, आधारवर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि रेशनकार्डावर लाडाचं तिसरं, तर पुढचं विचारूच नका. इकडे मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जी विसंगती अर्ध्या तासाच्या हुज्जतीवर निभावते, तीच परदेशात मृत्यूनंतर विम्याचे पैसे मिळवताना वर्षभर छळते.

नावासारखाच घोळ जन्मतारखेचा. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शिक्षक होते. त्यांच्या पिढीच्या शिक्षकांनी आपल्या तालुक्यांत एक काम मोठ्या प्रमाणात केलंय: पोराची जन्मतारीख 1 जून लिहिण्याचं. आईला तिथी आठवायची, ‘भाताची लावणी चालली होती’ एवढं आठवायचं, आणि शाळा तर जूनला सुरू व्हायची. 1 जून लिहिलं की वयाचा हिशेब जुळायचा. गुरुजींचा हेतू स्वच्छ होता, पोरगं शाळेत बसलं पाहिजे. अजून या सभागृहात 1 जूनचे कितीतरी वाढदिवस बसले असतील. परदेशी अधिकाऱ्याला मात्र एका गावातल्या अर्ध्या अर्जदारांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, हे कोडं उलगडत नाही. पुढच्या पिढीला ही सवलत नाही. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टला जन्माचा दाखलाच लागतो, शाळेचा चालत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीत नोंद करताना नाव नीट, पूर्ण, एकाच पद्धतीनं लिहा.

आपल्याकडून बाहेर जाणारे कोण? पूर्वी आपला माणूस मुंबईला जायचा. माथाडी, गिरणी, आणि डबे. मुंबईच्या डबेवाल्यांत खेड-आंबेगाव-जुन्नर-मावळची माणसं किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. 2005 साली प्रिन्स चार्ल्सच्या लग्नाला डबेवाल्यांचे प्रतिनिधी लंडनला गेले, तेव्हा व्हिसाची चिंता त्यांना पडली नसावी, राजवाड्याचं आमंत्रण होतं. बाकीच्यांना ती पडते. आज इथली मुलं जर्मनीला शिकायला जातात, मुली नर्सिंग करून बाहेर जातात, वेल्डर-ड्रायव्हर-स्वयंपाकी आखातात जातात. पहिल्या दोन गटांना मोबाइलवर सगळं सापडतं. मला काळजी आहे ती तिसऱ्या गटाची.

पासपोर्टवर इसीआर शिक्का असणं म्हणजे काय, हे दहावी नापास मुलाला एजंट सांगत नाही. इसीआर असेल तर आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्यातली ही तरतूद आहे. करार तपासला जातो, पगार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत नाव येतं. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपये, हप्ता दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये, वर कर. म्हणजे महिन्याला एका कटिंग चहाचा खर्च. एजंटला ही सगळी कटकट नको असते. तो म्हणतो, तुला व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर बदलून देऊ. पोरगा पर्यटक म्हणून उतरतो, मजूर म्हणून राबतो, आणि तीन महिन्यांनी कायद्यानं त्याचं तिथलं अस्तित्वच संपतं. त्याच्यापाशी करार नसतो आणि विमाही नसतो. नोंदणीकृत एजंटला कायद्यानं घेता येणारं सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापलीकडे नाही. आपल्या गावांत या कामासाठी जमीन गहाण टाकून किती पैसे मोजले जातात, हे प्रत्येकानं आपापल्या भावकीत आठवून बघावं.

निकितिनलाही असंच फसवलं गेलं होतं. हिंदुस्थानात तुझ्या मुलखाला लागणारा माल भरपूर आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. इथं आल्यावर त्यानं चिडून लिहिलं की ती थाप होती, जकात भारी आहे आणि समुद्रात चाचे आहेत.

परदेशातला मृत्यू. हा भाग टाळता येत नाही, म्हणून सांगतो. आखातात आपला माणूस गेला, तर पार्थिव आणायला तिथल्या रुग्णालयाचा आणि पोलिसांचा कागद लागतो, मालकाचं पत्र लागतं, वकिलातीत मृत्यूची नोंद होते, पासपोर्ट रद्द होतो, ना-हरकत मिळते. त्यासाठी घरच्या वारसांची संमती लागते, नोटरी केलेली: पार्थिव गावी पाठवा, किंवा तिथंच अंत्यविधी करा. पुढे थकलेला पगार, भरपाई यासाठी वारसांचं मुखत्यारपत्र. असं संमतीपत्र मी रात्री माझ्या ओसरीवर टाइप करून दिलेलं आहे. बाई बोलत नव्हती. दीर सांगत होता, तिचा भाऊ मधेच दुरुस्ती करत होता, आणि कंपनीचं नाव काय असं विचारल्यावर दोघंही गप्प झाले. नवरा पाच वर्षं तिथं राबला, पैसे दर महिन्याला येत होते, फोन होत होते, पण तो कुठल्या कंपनीत होता हे घरात कुणाला माहीत नव्हतं. शेवटी त्यानं पाठवलेल्या एका फोटोत त्याच्या डांगरीवर छापलेलं नाव मोठं करून बघितलं. वकिलातीतला अधिकारी फोनवर चांगला बोलला, पण मालक कोण हे कळल्याशिवाय तो बोलणार कुणाशी? दोन दिवस त्यातच गेले.

आपल्याकडे या संपर्काची साधनं कधी कमी नव्हती, हे विशेष. याच तालुक्यात आर्वीला 1971 साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, आणि परदेशांशी होणारं कितीतरी बोलणं आपल्या शिवारातल्या त्या थाळीतून जाऊ लागलं. आज तर खिशातल्या फोनवर व्हिडिओ कॉल होतो. आपण त्यावर बोलतो काय? जेवलास का, पाऊस झाला का, पैसे कधी पाठवतोस. मालकाचं नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर हे विचारायचं राहून जातं.

अटकेची गोष्ट थोडक्यात. व्हिएन्ना करारातलं 36 वं कलम म्हणतं की परदेशी नागरिकाला पकडलं, तर त्याला त्याच्या वकिलातीशी संपर्क करण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगायचं, आणि त्यानं मागणी केली तर वकिलातीला कळवायचं. या कलमावर अलीकडे झालेला सगळ्यात मोठा खटला एका मराठी माणसाचा आहे. मुंबईचे कुलभूषण जाधव, माजी नौदल अधिकारी. मार्च 2016 मध्ये पाकिस्ताननं त्यांना अटक केल्याचं जाहीर केलं. भारतानं वारंवार भेट मागितली, ती दिली गेली नाही. एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयानं फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथं बाजू मांडली हरीश साळवे यांनी, तीही एक रुपया फी घेऊन. 17 जुलै 2019 ला न्यायालयानं 15 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं की पाकिस्ताननं 36 वं कलम मोडलंय, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी नाही. 2 सप्टेंबर 2019 ला भारतीय अधिकारी त्यांना पहिल्यांदा भेटला.

काही वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘जाधव सुटणार’ असा सूर लावला होता. निकाल तसा नव्हता. न्यायालयानं शिक्षा रद्द केली नाही, सुटकाही सांगितली नाही. वाणिज्यदूत तुरुंगाचं कुलूप उघडू शकत नाही, तुमचं कर्ज फेडू शकत नाही, तिथला कायदा मोडायला मदत करू शकत नाही. तो भेटतो, वकील मिळवून द्यायला मदत करतो, घरी कळवतो, आणि आपला माणूस कुठेतरी नाहीसा होऊ देत नाही. आपल्या लोकांची याबाबत दोन टोकं असतात: एक तर एम्बसी काहीच करत नाही, नाहीतर एम्बसीनं सगळं करावं. दोन्ही चूक.

आणि एम्बसी जे काही करू शकते, तेही तुम्ही कुठे आहात हे तिला माहीत असेल तेव्हाच. युक्रेनचं उदाहरण ताजं आहे. 24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध सुरू झालं. त्याच्या आधीच, जानेवारीत, कीव्हच्या भारतीय दूतावासानं तिथल्या भारतीयांना नोंदणी करायला सांगितलं होतं. वैद्यकीय शिक्षण घेणारी महाराष्ट्रातली मुलंही तिथं होती. परीक्षा बुडेल, फी बुडेल, म्हणून कित्येक जण थांबले. नंतर ऑपरेशन गंगामध्ये पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियामार्गे नव्वद विमानांनी सुमारे 18 हजार लोक परत आणले. पण सीमेपर्यंतचं अंतर बहुतेकांना थंडीत, स्वतःच कापावं लागलं. मी सरकारचं गुणगान करायला उभा नाही, तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. तरी ज्याचं नाव यादीत नव्हतं त्याला शोधणं कुणालाच सोपं नव्हतं.

निकितिन घरी पोचला नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ तो वारला, त्याच्या वह्या मॉस्कोला गेल्या, आणि म्हणून आपल्याला जुन्नरची ती हकिगत कळली. चौलजवळ रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. जुन्नरात त्याच्या नावाचं काही माझ्या पाहण्यात नाही. आपल्या लेण्यांत तर त्याच्याही हजाराहून जास्त वर्षं आधी आलेल्या यवनांची नावं कोरलेली आहेत, इरिल, चिट, चंद. कुणी पाण्याची टाकी खोदून दिली, कुणी भोजनमंडप. परक्या माणसाला सामावून घ्यायची या गावाची परंपरा आहे, आणि नाडायचीही. दोन्ही नोंदी आपल्याच.

माझं म्हणणं एवढंच आहे की निकितिनला जे नशिबानं मिळालं, ते आज आपल्या माणसाला हक्कानं मिळतं. पण त्या हक्काचा पहिला कागद परदेशात तयार होत नाही, तो इथं तयार होतो. म्हणून एक विनंती, आणि मी थांबतो. ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे त्यांनी आज घरी गेल्यावर फोन करावा आणि एका वहीत लिहून ठेवावं: पासपोर्टचा नंबर, व्हिसा कुठला, मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता, बरोबरच्या एका माणसाचा नंबर, तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबर. पासपोर्टची झेरॉक्स घरात हवी. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असेल तर तेही लिहा. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर इथून, घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते, 2015 पासून ती सोय आहे. जाणाऱ्यानं एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नये. आणि परदेशात पोलिसांनी धरलंच, तर एक वाक्य त्याला पाठ हवं: मला भारतीय एम्बसीशी बोलायचंय.

इथल्या वाचनालयाच्या चालकांनाही माझी एक विनंती आहे की ही माहिती एका पानावर मराठीत छापून बाहेरच्या फळ्यावर लावावी, आणि जुन्नरबरोबर मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूरच्या एसटी स्टँडवरही. मजकूर मी लिहून देतो, छपाईचा खर्च तुम्ही बघा.